जमैकाचा रविवार आणि आमची भिशी

जमैकातील सामान्य माणसांचे जगणे समजून घ्यायचे असेल, तर सुरुवात रविवारपासून करावी, असे मला वाटते. अठराव्या शतकात या बेटावर उसाचे मळे होते, मळ्यांचे मालक इंग्रज होते आणि मळ्यांत राबणारी माणसे आफ्रिकेतून जहाजांत कोंबून आणलेली होती. एवढ्या माणसांना पोसण्याचा खर्च मालकांना नको होता. म्हणून जिथे ऊस लावता येत नाही अशा डोंगरउतारावरील जमिनीचे तुकडे त्यांनी गुलामांना नेमून दिले आणि आपापले अन्न आपणच पिकवावे, असे ठरवून टाकले. आठवडाभर मळ्यात राबून झाल्यावर हाती येणारा रविवार, आणि उसाचा हंगाम नसेल तेव्हा पंधरवड्यातून मिळणारा एखादा दिवस, एवढाच काय तो त्यांचा वेळ. त्या वेळात त्यांनी कोनफळाच्या जातीचे याम, कसावा, केळी आणि अळूच्या कुळातील कंद पिकवले, पोटापुरते ठेवून उरलेले रविवारच्या बाजारात नेऊन विकले आणि चार पैसे गाठीला बांधले. कायद्याने ज्यांचा स्वतःच्या देहावरही हक्क नव्हता, त्या माणसांनी एक बाजार उभा केला आणि तो चालवून दाखवला.

आपल्याकडे जमैकाविषयीचे बोलणे बहुधा बॉब मार्ली आणि युसेन बोल्ट या दोन नावांपाशी थांबते. दोघांविषयी मला आदर आहे. तरीही त्या बेटाची खरी थोरवी मला तिथल्या रोजच्या व्यवहारांत दिसते: काय शिजवतात, बाजार कसा भरतो, पैसे कसे साठवतात, गेलेल्या माणसाला निरोप कसा देतात. यांतील बहुतेक गोष्टी कष्टकऱ्यांनी स्वतःच्या तुटपुंज्या वेळातून घडवल्या आहेत. माझे आजोबा सोलापूरच्या गिरणीत साच्यावर होते आणि आमच्या घरातील जेवणाखाण्याच्या वेळा भोंग्यावर ठरत असत. सुट्टीच्या दिवशी भजन, तालीम, शेजाऱ्यांचे लग्नकार्य आणि मटणाचे जेवण यांना जे महत्त्व गिरणगावात होते, ते ज्याने पाहिले आहे त्याला जमैकाचा रविवार समजायला फार कष्ट पडणार नाहीत.

माझी ही ओळख पुस्तकांतून झाली आणि त्याहून अधिक माझ्या भाचीमुळे झाली. ती इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला परिचारिका आहे. तिच्या शेजारी जमैकाहून तरुणपणी आलेल्या एक आजी राहतात. तिथल्या रिवाजाप्रमाणे सगळे त्यांना नावाआधी ‘मिस’ लावून हाक मारतात. वडीलधाऱ्या बाईला नुसत्या नावाने बोलावणे जमैकात उद्धटपणाचे समजतात. आजी मूळच्या सेंट एलिझाबेथ या दक्षिणेकडील परगण्याच्या. बेटाच्या इतर भागांच्या मानाने तिथे पाऊस कमी पडतो, माती लाल आहे आणि तरीही देशाला भाजीपाला पुरवणारा भाग म्हणून त्याची ख्याती आहे. तिथले शेतकरी गिनी गवत कापून, वाळवून वाफ्यांवर जाड थर देऊन पसरतात आणि त्याखालची ओल धरून ठेवतात. हे भाचीने फोनवर सांगितले तेव्हा मी तिला दोनदा विचारून घेतले, कारण आमच्या जिल्ह्यात पाण्याचा थेंब न् थेंब मोजून शेती करणाऱ्या माणसाला हा विषय जवळचा आहे.

रविवारचे जेवण हा जमैकन घरातील आठवड्याचा मोठा प्रसंग असतो. चर्चला जाण्याआधी पहाटेच अर्धा स्वयंपाक उरकलेला असतो. मुख्य पदार्थ म्हणजे राइस अँड पीज. त्यात वाटाणे मुळीच नसतात. रात्री भिजत घातलेला राजमा असतो. तो नारळाच्या दुधात लसूण, पातीचा कांदा, थाइम या सुगंधी पाल्याच्या काड्या आणि पिमेंटो (ऑलस्पाइस) या मसाल्याचे मणी घालून शिजवतात, मग त्यातच तांदूळ टाकतात आणि वर स्कॉच बॉनेट नावाची अतिशय जहाल मिरची अख्खी ठेवतात. ती फुटू द्यायची नसते. तिचा सुवास भाताला लागावा आणि जाळ मात्र मिरचीतच राहावा, हे कौशल्य मुली आजीच्या हाताखाली शिकतात. नाताळच्या सुमारास राजम्याची जागा गुंगो पीज घेतात, आणि गुंगो म्हणजे आपली तूर. भारतात प्रथम लागवडीखाली आलेले हे पीक आफ्रिकेत गेले आणि गुलामांच्या व्यापाराच्या काळात तिथून कॅरिबियनमध्ये पोहोचले. डिसेंबरात आमच्याकडे ओल्या तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडल्या जातात, त्याच दिवसांत जमैकात हिरव्या तुरीचे दाणे नारळाच्या दुधात पडतात.

त्यांची कॅलालू ही पालेभाजी आपल्या माठाच्या कुळातली आहे. नाताळचे लालभडक सॉरेल हे पेय लाल अंबाडीच्या बोंडांपासून करतात. बोंडांच्या पाकळ्या आल्यासह उकळत्या पाण्यात रात्रभर मुरवतात, मग साखर आणि मोठ्यांसाठी रम घालतात. बॅमी ही कसाव्याची जाड भाकरी मात्र आफ्रिकेतूनही आली नाही आणि भारतातूनही नाही. ती या बेटाचे मूळ रहिवासी असलेल्या टाइनो लोकांची देणगी आहे. स्पॅनिश सत्तेखाली ते लोक रोगराई आणि वेठबिगारी यांनी जवळजवळ नाहीसे झाले, पण कसावा किसून, पिळून, त्यातील विषारी रस काढून भाकरी थापण्याची त्यांची रीत आजही चालू आहे.

विषाची हीच काळजी अॅकी या राष्ट्रीय फळाबाबतही घ्यावी लागते. पश्चिम आफ्रिकेतून आलेले हे फळ झाडावर आपोआप उमलेपर्यंत तोडायचे नाही, असा दंडक आहे, कारण कच्च्या अॅकीने माणूस दगावू शकतो. लाल फळ उमलले की आत काळ्या चकचकीत बिया आणि त्यांना धरून असलेला पिवळसर गर दिसतो. बिया आणि गुलाबी पापुद्रा काढून गर उकळतात आणि कांदा, टोमॅटो, मिरी व खारवलेल्या कॉड माशाबरोबर परततात. तयार झालेला पदार्थ अगदी अंड्याच्या भुर्जीसारखा दिसतो. हा खारा मासा उत्तर अमेरिकेच्या थंड किनाऱ्यावरून येई, गुलामांना घालण्याचे स्वस्त अन्न म्हणून. मालकाने दिलेला हलका मासा आणि आफ्रिकेतून आलेले फळ एका तव्यात एकत्र करून त्या माणसांनी जो पदार्थ केला, तोच आज जमैकाचा राष्ट्रीय पदार्थ आहे. मला यात फार मोठी गोष्ट दिसते.

भारतीयांचा वाटाही या घडणीत आहे. १ ऑगस्ट १८३४ रोजी गुलामगिरी कायद्याने संपली, १ ऑगस्ट १८३८ रोजी सक्तीची उमेदवारीही, म्हणजे त्यानंतरही जुन्या मालकाकडेच बांधून राबण्याची अटही, संपली आणि स्वतंत्र झालेली पुष्कळ कुटुंबे मळे सोडून डोंगरांत स्वतःची गावे वसवू लागली. मळेवाल्यांना मजूर हवे होते. १० मे १८४५ रोजी भारतातील करारबद्ध मजुरांचे पहिले जहाज ओल्ड हार्बर बे येथे लागले आणि पुढील सुमारे सत्तर वर्षांत छत्तीस हजारांच्या आसपास भारतीय तिथे गेले. त्यांतील बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारच्या भागांतील होते. त्यांच्या मसाल्याचे कालवण पुढे सगळ्या बेटाचे झाले. आज जमैकात लग्न असो वा मयताचे जेवण, हळदीच्या रंगाच्या रश्श्यातील बोकडाचे मटण, म्हणजे करी गोट, नसेल तर पाहुणचार अपुरा मानतात. मोहरमचे ताबूतही हे मजूर सोबत घेऊन गेले. तिथे त्या सोहळ्याला होसे म्हणतात आणि त्यात हिंदू तसेच आफ्रिकी वंशाचे जमैकनही सामील होत आले आहेत. सोलापुरात पंजांपुढे नवस बोलणारी हिंदू घरे मी लहानपणापासून पाहिली आहेत, त्यामुळे याचे मला नवल वाटले नाही, आनंद मात्र झाला. आणि हो, जमैकाच्या बाजारात ‘बॉम्बे’ या नावाचा आंबाही मिळतो. तो मधोमध गोल चिरून दोन्ही अर्ध हलकेच पिळले की कोय सुटते आणि गर चमच्याने खाता येतो.

कापडाविषयी लिहिल्याशिवाय सोलापूरच्या माणसाला पुढे जाता येणार नाही. जमैकन बायकांच्या पारंपरिक वेषातील लाल-पांढऱ्या चौकडीचे बंडाना कापड मुळात मद्रासकडील सुती चौकडीचे आहे. कोरोमंडल किनाऱ्यावरच्या विणकरांचा हा माल व्यापारी जहाजांतून पश्चिम आफ्रिकेत आणि कॅरिबियनमध्ये विकला जात असे. बाजारात बसणाऱ्या कष्टकरी बाईचे डोक्याचे फडके आणि कमरेचा घागरा या कापडाचा असे. पुढे लुईस बेनेट, म्हणजे सगळ्यांच्या ‘मिस लू’, हेच कापड नेसून रंगमंचावर उभ्या राहिल्या. त्यांचा जन्म १९१९चा. शाळेत ज्या पात्वा बोलीत बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होई, त्या बोलीत त्यांनी कविता लिहिल्या, अनान्सी नावाच्या जाळे विणणाऱ्या कोळ्याच्या आफ्रिकी गोष्टी सांगितल्या आणि घरातली भाषा चारचौघांत ताठ मानेने बोलता येते हे एका अख्ख्या देशाला दाखवून दिले. ज्या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी एकाच बोळात बोलल्या जातात, तिथे मिस लूंचे काम आवर्जून सांगितले पाहिजे.

शनिवारची रात्र संगीताची असते. १९५०च्या सुमारास किंग्स्टनमधील मोठे वाद्यवृंद धनिकांच्या क्लबांत आणि हॉटेलांत वाजत. गरीब वस्त्यांतील लोकांनी सुतारांकडून माणसाच्या उंचीची ध्वनिक्षेपकांची खोकी करवून घेतली, रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांकडून अॅम्प्लिफायर जोडून घेतले आणि मोकळ्या अंगणात रेकॉर्डवर नाच सुरू केले. याला साउंड सिस्टिम म्हणतात. स्पर्धा इतकी अटीतटीची असे की दुसऱ्याला गाणे कोणाचे ते कळू नये म्हणून रेकॉर्डवरचे लेबल खरवडून टाकले जाई. या अंगणांच्या मागणीतून आधी स्का, मग रॉकस्टेडी आणि १९६८च्या आसपास रेगे हे संगीतप्रकार आकाराला आले. गरीब मुलांसाठी कॅथलिक नन चालवत असत त्या आल्फा बॉइज स्कूलमधून उत्तम वादक तयार झाले. किंग टबी हा मुळात विजेची उपकरणे दुरुस्त करणारा कारागीर. त्याने ध्वनिमुद्रणातून गायकाचा आवाज मागे सारून केवळ ढोल आणि बास यांचे नवे विश्व उभे केले. २०१८ साली युनेस्कोने रेगेचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात केला.

क्रिकेटविषयी एकच सांगते. किंग्स्टनच्या सबिना पार्क मैदानावर १९५३ साली भारतासाठी ११७ धावा काढणारे पॉली उमरीगर यांचा जन्म सोलापूरचा.

मृत्यूनंतरचा रिवाज मला विशेष जवळचा वाटतो. माणूस गेला की त्याच्या घराच्या अंगणात रोज संध्याकाळी लोक जमतात आणि नवव्या रात्री मोठा मेळावा होतो. यालाच नाइन-नाइट म्हणतात. तळलेले मासे, पाव, कॉफी आणि रम असते. एका बाजूला डॉमिनोच्या सोंगट्या टेबलावर दणादण आपटल्या जात असतात. दुसऱ्या बाजूला एक जण भक्तिगीताची ओळ मोठ्याने सांगतो आणि सगळे ती ओळ सुरात गातात, कारण पूर्वी बहुतेकांना वाचता येत नसे आणि पुस्तके तर नव्हतीच. नऊ रात्री मृताचा आत्मा घराभोवती असतो आणि त्या रात्री त्याने निघायचे, अशी समजूत आहे; म्हणून त्याच्या खोलीतील पलंग आणि सामान हलवून ठेवतात, जेणेकरून परत आल्यास त्याला घर ओळखू येऊ नये. घरच्या माणसांना या नऊ दिवसांत एकटे पडू दिले जात नाही. माझे वडील गेले तेव्हा आमच्या आळीतील बायकांनी तेराव्यापर्यंत आमच्या घरी चूल पेटू दिली नव्हती. भाकरी-पिठले शेजारून येत असे. ते दिवस आम्ही त्या बायकांमुळेच निभावले, आणि म्हणून अशा रिवाजांना कोणी मागासलेपणा म्हणाले की मला ते मुळीच पटत नाही.

आता बाजार आणि पैसा. गुलामांच्या रविवारच्या बाजारातून जी विक्रेत्या बायकांची परंपरा आली, तिच्यातील बायकांना हिग्लर म्हणतात. खेड्यातून माल गोळा करायचा, ट्रकमध्ये मालावरच बसून रात्रीचा प्रवास करायचा, किंग्स्टनच्या कॉरोनेशन मार्केटमध्ये शुक्रवार-शनिवार दुकान मांडायचे आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाला मापावर थोडे जास्त घालायचे. या ‘वर’ घातलेल्या जिन्नसाला ब्राटा म्हणतात आणि तो न देणारी बाई फार दिवस गिऱ्हाईक टिकवू शकत नाही. लक्ष्मी मंडईत मेथीच्या जुडीबरोबर कोथिंबिरीच्या चार काड्या देणाऱ्या मावशींना हे कोणी समजावून सांगायला नको. जमैकातील कितीतरी शिक्षक, परिचारिका आणि वकील अशा बायकांच्या कमाईवर शिकले आहेत.

या कमाईचा सांभाळ पार्डनर करते. पार्डनर म्हणजे भिशीच. तिचे मूळ पश्चिम आफ्रिकेतील योरुबा लोकांच्या एसुसू या पद्धतीत आहे, असे मानतात. समजा वीस जणींनी दर आठवड्याला वीस पाउंड टाकायचे ठरवले, तर दर आठवड्याला एकीच्या हाती चारशे पाउंड येतात आणि वीस आठवड्यांत चक्र पूर्ण होते. पैसे गोळा करणाऱ्या विश्वासू बाईला बँकर म्हणतात. कागद नसतो, सही नसते; बँकरचा शब्द आणि आपली पाळी झाल्यावरही शेवटपर्यंत हप्ता भरण्याची प्रत्येकीची लाज, एवढ्यावर सगळे चालते. १९४८ साली विंडरश जहाज इंग्लंडला लागल्यानंतर जे जमैकन तिथे स्थायिक होऊ लागले, त्यांना घर घ्यायला बँका कर्ज देत नसत आणि भाड्याच्या खोल्यांच्या दारावर काळ्या माणसांना मज्जाव असल्याच्या पाट्या असत. तेव्हा कित्येक कुटुंबांनी घराची पहिली रक्कम पार्डनरमधून उभी केली. भाचीच्या शेजारच्या आजींचे घरही तसेच झालेले आहे.

आजी आता स्वतः बँकर आहेत आणि भाची त्यांच्या पार्डनरमध्ये आहे. २८ ऑक्टोबर २०२५ रोजी मेलिसा हे पाचव्या श्रेणीचे चक्रीवादळ जमैकाच्या नैर्ऋत्य भागावर आदळले आणि सेंट एलिझाबेथचे प्रचंड नुकसान झाले. त्या आठवड्यात रक्कम मिळण्याची पाळी भाचीची होती. पार्डनरमधील एका बाईच्या आईच्या घराचे छप्पर उडून गेले होते. आजींनी भाचीला बोलावले, परिस्थिती सांगितली आणि तिची पाळी शेवटी नेली. पार्डनरमध्ये क्रम बँकर ठरवते आणि तो ठरवताना कोणाला कधी गरज आहे हे पाहिले जाते, हे मला तेव्हा नीट समजले. भाचीला त्या पैशांतून सोलापूरचे तिकीट काढायचे होते; ती ठरल्यापेक्षा उशिरा, सिद्धेश्वराच्या यात्रेनंतर आली आणि येताना आजींनी दिलेला पिमेंटोचा पुडा घेऊन आली.

आमच्या भिशीत आजवर चिठ्ठ्या टाकल्या जात. ज्या बाईच्या मुलाची परीक्षेची फी भरायची आहे तिची चिठ्ठी शेवटी निघायची आणि जिला पैशांची काही घाई नाही तिची पहिली. आजींची हकीकत मी सगळ्यांना सांगितली तेव्हा बरीच चर्चा झाली. चिठ्ठीत पक्षपात होत नाही, गरज विचारली तर जी संकोचाने बोलत नाही ती मागे राहील, असे एकीचे म्हणणे होते आणि ते विचार करण्यासारखे होते. शेवटी असे ठरले की यंदा पहिल्या तीन पाळ्या गरज विचारून द्यायच्या, तीही सर्वांसमोर न विचारता भिशी चालवणाऱ्या अक्कांनी घरी जाऊन विचारून घ्यायची, आणि उरलेल्या पाळ्यांसाठी नेहमीप्रमाणे चिठ्ठ्या काढायच्या. पहिली पाळी आळीच्या टोकाला शिवणकाम करणाऱ्या वहिनींना मिळाली आहे. त्या पैशांत त्यांनी पिको-फॉलचे यंत्र घेतले.